अडीच कवळ्यांची मोटारसायकल

दाताच्या डॉक्टरांना या व्यवहारात तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली म्हणजे साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, सत्तरीला टेकलेली मोटारसायकल, जिची कंपनी बंद पडूनच चाळीस वर्षं झाली होती. दुसरी, त्या मोटारसायकलीच्या जिवावर जुन्या गाड्यांच्या क्लबात मिळणारी हिरवी फीत. आणि तिसरी, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, ती म्हणजे ती फीत बांधली जाताना डोळ्यांच्या डॉक्टरांचं होणारं तोंड.

तिन्हींत जास्त जीव तिसरीतच अडकला होता.

हिरवी फीत फक्त अस्सल गाडीला मिळते. अस्सल म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर, दोन्ही गाडीच्या पुस्तकाशी जुळले पाहिजेत. डोळ्यांचे डॉक्टर ती फीत तीन वर्षं लागोपाठ घरी नेत होते. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांनीही मोठ्या हौसेने एक गाडी मैदानात उभी केली, तर तिचं इंजिन सांगाड्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटं निघालं. परीक्षकांनी नुसती मान हलवली. डोळ्यांचे डॉक्टर मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे गाडी बिजवर आहे तर." त्यावर जे हसू उठलं, ते दाताच्या डॉक्टरांच्या डोक्यात वर्षभर दाढेसारखं ठणकत होतं.

अशात त्यांनी नव्या जागी दवाखाना थाटला. एका सकाळी पेशंटच्या तोंडात कापूस भरून ते सहज खिडकीतून समोर बघत होते. समोरच्या घराच्या पुढच्या खोलीचा पडदा त्या दिवशी धुवायला गेला होता. पडद्यामागे कोच नव्हता, टेबल नव्हतं. होता तो ताटाएवढा हेडलाइट, आणि त्याच्यामागे सोनेरी रेघ मारलेली काळी टाकी. पेशंट अकरा मिनिटं तोंड उघडं टाकून पडला होता. डॉक्टरांचंही तेवढाच वेळ उघडं होतं.

संध्याकाळी ते समोर गेले. घर पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या ओव्हरसिअरचं. डॉक्टरांनी चप्पल काढायच्या आत ओव्हरसिअर म्हणाले, "विकायची नाही."

"मी कुठे काय म्हटलं, काका?"

"तुमची नजर म्हणाली."

ओव्हरसिअरच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. त्या डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि कडी लावता लावता म्हणाल्या, "पैशांचं नाव काढू नका. यांना विकता येत नाही, देता येतं. चांगला कॅमेरा होता, तो एका फोटोवाल्याला देऊन टाकला. का, तर त्याने सहा महिने यांचं ऐकून घेतलं."

"नुसतं ऐकून, काकू?"

"नुसतं म्हणताय खरं. रविवारी दहाला या, कळेल."

वहिनी कुणाला उगीच सल्ला देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचं शिवणयंत्र मागच्या खोलीत होतं, जिथे उजेड विचारून आत येतो. पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि त्या खिडकीत गेली बावीस वर्षं मोटारसायकल ऊन खात उभी होती. वहिनींनी बावीस वर्षांत तिच्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. शब्द वाया घालवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रविवारी दहाला डॉक्टर गेले, तर गाडीभोवती तीन स्टुलं मांडून तीन म्हातारे बसले होते. एक ओव्हरसिअर. दुसरे कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट, अंगाने टाचणीसारखे. तिसरा फिटर, ज्याच्या बोटांच्या पेरांतलं काळं ऑइल निवृत्त व्हायला तयार नव्हतं. तिघांच्या हातात तीन चिंध्या होत्या. टायपिस्ट इंजिन पुसत होते. फिटर टाकी आणि हेडलाइट. ओव्हरसिअर सांगाडा, चाकं आणि चाकांचे स्पोक, एकेक करून. टायपिस्टांची चिंधी चुकून टाकीला लागली, तेव्हा फिटरने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की टायपिस्टांनी "माफ कर बाबा" म्हणून हात मागे घेतला.

डॉक्टरांना हे फार आवडलं. घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "शिस्त बघ. ज्याने त्याने आपापला भाग वाटून घेतलाय."

शब्दशः खरं होतं ते. पण ते कळायला डॉक्टरांना अजून अडीच कवळ्या लागणार होत्या.

मग आठवणी सुरू झाल्या. टायपिस्ट एकदा राजीनामा खिशात घालून या गाडीवरून निघाले होते. साहेबाच्या तोंडावर फेकणार होते. पण गाडी कोर्टाच्या फाटकात बंद पडली. प्लग काढा, घासा, पुन्हा बसवा, यात साहेब घरी गेला आणि टायपिस्टांचा राग उतरला. "त्या एका प्लगवर मी एकतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "पेन्शन खरं म्हणजे त्या प्लगच्या नावाने यायला पाहिजे."

फिटरची बायको तीन गल्ल्यांवरून गाडीचा आवाज ओळखून चहाचं आधण ठेवायची. एकदा आधण उकळून आटलं तरी नवरा येईना. बाहेर येऊन बघते तर तसल्याच गाडीवर टायपिस्ट चाललेले. आधण फुकट जाऊ नये म्हणून तिने यांनाच बोलावून चहा पाजला.

"आणि मी घरी आलो," फिटर म्हणाला, "तर म्हणते, तुमचा चहा झाला."

डॉक्टर पोट धरून हसले. 'तसल्याच गाडीवर' या दोन शब्दांशी त्यांनी थांबायला हवं होतं. पण माणूस हावरा असला की गोष्ट गिळतो, चावत नाही.

चावण्याचाच प्रश्न होता. ओव्हरसिअरच्या तोंडात पाच दात उरले होते आणि त्या पाचांचं आपसात बोलणं बंद होतं. त्यांची गोष्ट सुरुवातीला बरी चालायची. ऐन मोक्याच्या वाक्याला मात्र सगळे शब्द हिरड्यांवरून घसरायचे. टायपिस्ट आणि फिटर खदाखदा हसायचे, कारण त्यांना ती गोष्ट तीस वर्षं पाठ होती. डॉक्टर अर्ध्या सेकंदाने हसायचे. चहाबरोबर टोस्ट यायचे. तिघेही ते बुडवून, विरघळवून, जवळजवळ पिऊन टाकायचे.

तिसऱ्या रविवारी डॉक्टरांच्या मनात आलं, माणूस देणारा आहे, आधी आपण द्यावं. म्हणाले, "काका, तुमची कवळी मी करून देतो. पैशाबिशाचं बोलायचं नाही."

ओव्हरसिअर संकोचले. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, एवढं म्हणतायत तर घ्या. डॉक्टरांचं मन मोडू नका."

पंधरा दिवसांत कवळी आली. ओव्हरसिअरनी टोस्ट कोरडा चावला. खोलीत असा आवाज झाला की टायपिस्टांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मजा आहे बुवा एकेकाची," टायपिस्ट कुणाकडेही न बघता म्हणाले.

"ज्याच्या घरी गाडी, त्याच्या तोंडी दात," फिटर म्हणाला. "आपण घासायला."

ओव्हरसिअरनी उरलेला टोस्ट बशीत ठेवून दिला. मित्रांसमोर एकट्याने कुरकुरीत खायची त्यांना लाज वाटू लागली. पुढच्या रविवारी त्यांनी कवळी घातलीच नाही, खिशात ठेवली, आणि गोष्टही सांगितली नाही. वहिनी डॉक्टरांना फाटकापाशी म्हणाल्या, "आता पंचाईत झाली बघा. हे दोघं रुसले की हे रुसतात. आणि रुसलेला माणूस काही देत नाही."

डॉक्टरांनी टायपिस्टांचं माप घेतलं. वर-खाली, पूर्ण. फिटरचे खालचे दात मात्र सगळे शाबूत निघाले. "जन्मभर लोखंडात राहिलो," तो म्हणाला, "खालचे लोखंडी झाले. वरच्यांना गंज लागला." त्याला नुसती वरची अर्धी लागली. एकूण अडीच. दात घडवणाऱ्या कारागिराचं बिल डॉक्टरांनी भरलं आणि बायकोच्या नजरेआड फाडून टाकलं.

तोवर तीन महिने झाले होते आणि क्लबाचा मेळावा वीस दिवसांवर आला होता. डॉक्टर फॉर्म भरून बसले होते. इतकंच नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना रस्त्यात गाठून म्हणाले होते, "यंदा जरा चष्मा पुसून या." आता फक्त नंबर बघायचे राहिले होते. सांगाड्याचा नंबर हँडलखालीच होता. तो पुस्तकाशी बरोबर जुळला. पुस्तक ओव्हरसिअरनी कौतुकाने दाखवलं होतं. इंजिनाचा नंबर मात्र इंजिनाच्या खालच्या अंगाला होता आणि त्या बाजूला कायम टायपिस्टांचं स्टूल. डॉक्टर वाकले की टायपिस्टांचा गुडघा मध्ये यायचा.

शेवटी एका रविवारी डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा खिशात घालून आले. लांब दांडीचा, टिकलीएवढ्या काचेचा. टायपिस्ट हात धुवायला आत गेले तेवढ्यात डॉक्टरांनी गाडीपुढे बसकण मारली आणि दाढेमागची कीड शोधावी तसा आरसा इंजिनाखाली घातला. आरशातलं उलटं सुलटं करून बघणं हा त्यांचा रोजचाच धंदा. एकेक आकडा त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटला.

नंबर पुस्तकाशी जुळत नव्हता. सहा-सात आकड्यांतला एकही नाही.

डॉक्टर तसेच फरशीवर बसून राहिले. त्यांच्या कानात "बिजवर" हा शब्द डोळ्यांच्या डॉक्टरांच्याच आवाजात दोनदा वाजला. अडीच कवळ्या, बारा रविवार, आणि रस्त्यात मारलेली ती बढाई. मग त्यांना ओव्हरसिअरची कीव आली. बिचाऱ्याला कुणीतरी कधीतरी फसवलेलं दिसतं, आणि याला पत्ताच नाही.

"काका," ते सावकाश म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमची गाडी अस्सल नाही. इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे."

ओव्हरसिअरचा स्पोक पुसणारा हात थांबला. टायपिस्ट दारातच उभे राहिले, हातातून पाणी निथळत. आणि मग नव्या दातांनी अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "इंजिन अस्सल आहे. माझं आहे."

"टाकी पण अस्सल," फिटर म्हणाला. "कार्ब्युरेटर आणि दिवा धरून. माझी."

"सांगाडा आणि चाकं माझी," ओव्हरसिअर म्हणाले. "मग यात खोटं काय आहे?"

"ते मी सांगते," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खोटं एवढंच आहे, जे तुमच्या तिघांच्या तोंडात आहे."

पहिल्यांदा फिटर हसला. मग तिघे हसले, आणि नवे दात असल्याने चांगले मोठ्याने हसले. डॉक्टरांना तेवढ्यात त्या साऱ्या कामावर एक धंदेवाईक नजर टाकावीशी वाटली. टायपिस्टांची वरची किंचित सैल बसली होती.

मग हकीकत बाहेर आली. पन्नासेक वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याने निरोप्यांच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या होत्या. तिघांनी एकाच दिवशी एकसारख्या तीन घेतल्या. पुढे कंपनी बुडाली, सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा फिटरने नियम घातला: तिघींपैकी एक गाडी कायम चालू राहिली पाहिजे, बाकीच्या दोघींनी तिला पोसायचं. कुणाचा गिअर मोडला, दुसरीचा काढा. कुणाचं इंजिन बसलं, तिसरीचं घाला. अशा दोन गाड्या एकीच्या पोटात गेल्या. जी उरली ती ओव्हरसिअरकडे, कारण त्यांच्या पुढच्या खोलीचं दार सर्वांत रुंद होतं. दर रविवारी तिघे जमायचे ते गाडी पुसायला नव्हे. आपापली गाडी पुसायला.

डॉक्टर उठून खिशात आरसा ठेवत होते. ते आता येणार नाहीत हे ओव्हरसिअरनी ओळखलं. बारा रविवार ज्याने ऐकून घेतलं, तो माणूस जातोय, हे त्यांना बघवेना.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्हाला आवडली ना? घेऊन जा. दिली."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे माझा वाटा दिला," ओव्हरसिअरनी खुलासा केला. "सांगाडा आणि चाकं. बाकी यांना विचारा."

"इंजिन मी देणार नाही," टायपिस्ट म्हणाले. "पण जिथे सांगाडा जाईल तिथे ते राहायला येईल. मी रविवारी पुसायला येईन."

"टाकीचंही तेच," फिटर म्हणाला.

"मग तुम्हीही जा त्यांच्याबरोबर," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. त्या आता हात पुसत बाहेर आल्या होत्या. "एकटे इथे बसून काय भिंत पुसणार?"

"आणि चहा, वहिनी?" टायपिस्टांनी विचारलं.

"गाडी तिथे चहा. मी कुठे आडवी येते?"

डॉक्टर नको म्हणू शकले असते. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण फिटरने तोवर गाडी स्टँडवरून काढली होती. फिरवणं बंद झाल्यापासून गेली सहा वर्षं तो दर रविवारी कोरडी किक मारून इंजिन हलतं ठेवत होता. आज त्याने बाटलीभर पेट्रोल ओतलं, प्लग काढून पायजम्याला पुसला, गाडी अंगणात नेली आणि पाय टाकला. एक, दोन, पाच. आठव्याला ती खोकली. अकराव्या किकला मात्र असा आवाज झाला की फाटकाची कडी आपोआप वाजायला लागली. जड, सावकाश, एकेक ठोका वेगळा मोजता यावा असा आवाज. टायपिस्टांनी कान इंजिनाकडे नेला आणि मान डोलावली.

डॉक्टरांना या गाडीची लांबी, रुंदी, वजन, कंपनीच्या मालकाच्या जावयाचं नाव, सगळं माहीत होतं. चालू गाडीवर ते कधी बसले नव्हते.

"बसा मागे," ओव्हरसिअर म्हणाले.

रस्ता ओलांडला की दवाखाना. वीस पावलं. पण रस्ता ओलांडण्यासाठी कुणी गाडी सुरू करत नाही, असं ओव्हरसिअरचं म्हणणं पडलं. ते बाजाराला वळसा घालून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. मग टायपिस्ट म्हणाले, इंजिन माझं, माझी फेरी कुठे आहे. मग फिटरची. तिन्ही फेऱ्यांना मागे डॉक्टर, कारण प्रत्येक मालकाला पाहुणा आपल्याच मागे बसलेला हवा होता. तिसऱ्या फेरीत डॉक्टरांच्या तोंडात चिलट गेलं. तोंड बंद ठेवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत गाडी दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये होती आणि वहिनींचं शिवणयंत्र पूर्वेच्या खिडकीत.

मेळाव्यात व्हायचं तेच झालं. परीक्षकांनी नंबर बघितला, मान हलवली, फीत चौथ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांना बांधली. त्यांची गाडी मखमलीच्या दोरीत उभी होती. सुरू करून दाखवा म्हटलं तर ते म्हणाले, "छे, अस्सलपणा कमी होतो." इकडे फिटरने सातव्या किकला गाडी पेटवली. माणसं तिकडून उठून इकडे आली. टायपिस्टांनी प्लगची गोष्ट सांगितली, ओव्हरसिअरनी ऐन मोक्याचं वाक्य खणखणीत म्हटलं आणि शंभर माणसं वेळेवर हसली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांचे डॉक्टर हिरवी फीत हातात धरून आपल्या गाडीशेजारी एकटेच उभे होते.

दाताच्या डॉक्टरांनी ते तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं.

पुढच्या रविवारी डोळ्यांचे डॉक्टर टोस्टचा पुडा घेऊन दवाखान्याच्या पायरीवर हजर झाले. "सहज आलो," म्हणाले. त्यांना कोपऱ्यातलं स्टूल मिळालं. चिंधी मिळाली नाही.

तेव्हा एकूण जमाखर्च असा. तीन म्हाताऱ्यांना दात मिळाले आणि ऐकणारी माणसं. दाताच्या डॉक्टरांना पहिल्या गोष्टीचा एक तृतीयांश मिळाला, दुसरी मिळालीच नाही आणि तिसरी पुरेपूर मिळाली. त्याबदली त्यांनी दिल्या अडीच कवळ्या, बारा अधिक पुढचे सगळे रविवार, निम्मी वेटिंग रूम आणि आता चहा-साखरही. ते तक्रार करत नाहीत. परवाच त्यांनी स्वतःची एक चिंधी शिवून घेतली. वहिनींनी शिवली, मोकळ्या उजेडात.

वहिनींनी काय दिलं, ते शोधून सापडत नाही. चिंधी द्यायला त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बघून सहज म्हणाल्या, "हल्ली सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसतात हो. बाकी तुम्हाला या गाडीची आवड दिसते."

चष्मा आठ दिवसांत आला. पैसे डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिले.